गोचीड पुन्हा पुन्हा का होतात? आधी गोठ्यातला धोका शोधा, मग औषध मारा

फवारणी झाली, आठवडाभर जनावरं मोकळी दिसली आणि पंधरवड्यात कासेवर पुन्हा गोचीड. मग औषध बदलतं, प्रमाण दुप्पट होतं, तरी तेच. अशा वेळी दोष बहुधा औषधाचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. गाईच्या अंगावर दिसतात ते एकूण गोचिडांपैकी थोडेच. बाकीचे अंड्यांच्या आणि पिल्लांच्या रूपात भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, गवतात बसलेले असतात आणि अंगावर मारलेल्या औषधाचा थेंबही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पुढच्या टप्प्यांत अंगावर मारायचं औषध सहाव्या क्रमांकावर आहे. आधीचे पाच टप्पे टाळून थेट तिथे उडी मारली की तीच चूक पुन्हा होते.

तयारी: हे आधी जवळ ठेवा

बॅटरी, बारीक टोकाचा चिमटा, झाकणाची काचेची बाटली, रबरी हातमोजे, एक मीटर लांबीरुंदीचं पांढरं सुती कापड, मोजमापाची टेप, मिलिलिटरच्या खुणा असलेलं मोजपात्र आणि एक वही. पाठीवरचा पंप वापरणार असाल तर त्यात पूर्वी तणनाशक भरलेलं नसावं. धुतला तरी असा पंप जनावरांसाठी चालत नाही.

सावधान: गोचीड उघड्या बोटांनी ओढू नका आणि नखावर चिरडू नका. गोचिडाच्या काही जातींमधून माणसाला क्रायमियन-काँगो तापासारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. चिरडलेल्या गोचिडाचं रक्त हाताच्या जखमेला लागणं हा त्याचा एक मार्ग आहे.

टप्पा १: मोजा आणि जात ओळखा

मोजणी पहाटे, धार काढण्याआधी करा. गाईवरच्या सर्वांत नेहमीच्या जातीची रक्त पिऊन टम्म झालेली मादी बहुधा पहाटे ते सकाळच्या वेळात गळून पडते. दुपारी मोजलं तर ती आधीच जमिनीवर गेलेली असते आणि गाय उगाच स्वच्छ वाटते.

गाईची एकच बाजू घ्या. कानाच्या आत, गळ्याखालची पोळी, पुढच्या पायाची बगल, मांडीचा आतला भाग, कास, सडांमधली जागा, शेपटीचं मूळ आणि शेपटीखालचा भाग या क्रमाने बघा. अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या माद्याच मोजा आणि आकडा दुप्पट करा. येत्या एक-दोन दिवसांत जमिनीवर पडून अंडी घालणार आहेत त्या ह्याच. छोट्यांसाठी तळहात केसांच्या उलट दिशेने फिरवा. अंगावर बारीक वाळू सांडल्यासारखं खरबरीत लागलं तर ती चिकटलेली पिल्लं असतात. डोळ्यांना ती सहसा दिसत नाहीत.

दोन-चार गोचीड चिमट्याने काढा. चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा आणि पिळा न देता सरळ, सावकाश ओढायचं. गोचीड बाटलीत टाका आणि उजेडात पाय बघा. इथे बहुतेक जण घाई करतात, पण पुढचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर ठरतं.

पाय फिकट, एकरंगी, तोंड आखूड आणि भरलेली मादी राखाडी-निळसर शेंगदाण्यासारखी असेल तर तो बहुधा बूफिलस. हा एकाच जनावरावर पिल्लापासून प्रौढापर्यंत वाढतो. त्याला साधारण २१ दिवस लागतात आणि तेवढ्या काळात तो खाली उतरत नाही.

पाय लालसर-तपकिरी, त्यावर फिकट कडी आणि तोंड लांब असेल तर हायलोमा. हा वाढताना एकदा किंवा दोनदा जनावर सोडतो, भिंतीच्या फटीत लपून कात टाकतो आणि पुन्हा चढतो. प्रौढ मादी साधारण आठवडाभरातच पोट भरून उतरते. म्हणजे हायलोमा असेल तर लढाई गाईच्या अंगावर कमी आणि भिंतीत जास्त.

दोन्ही सापडणंही नेहमीचंच. तसं असेल तर दोन्हींसाठीचं काम करा.

तपासा: प्रत्येक जनावराचा आकडा, जात आणि तारीख वहीत लिहिली का? हा आकडा नसेल तर पुढे औषध लागू पडलं की नाही हे सांगायला काहीच आधार उरत नाही.

टप्पा २: कोणती जनावरं जास्त धोक्यात, ते ठरवा

एकाच गोठ्यात, एकाच दावणीला बांधलेल्या गाईंमध्येही गोचीड सारखे वाटले जात नाहीत. थोड्या जनावरांवर बहुतेक ओझं असतं. वहीतले आकडे उतरत्या क्रमाने लावले की ती लगेच समोर येतात. त्यांच्याकडे बघताना कारणं शोधा:

- होल्स्टीन, जर्सी आणि त्यांच्या रक्ताचं प्रमाण जास्त असलेल्या संकरित गाई. वशिंड असलेल्या देशी गाईंची कातडी गोचिडाला जास्त विरोध करते.
- नुकतीच व्यालेली, जास्त दुधाची किंवा चारा कमी पडलेली गाय. शरीर ताणात असलं की विरोध घटतो.
- आजारी, लंगडी, तोंडाला जखम असलेली गाय. जिभेने चाटणं हेच गाईचं पहिलं हत्यार असतं. ज्या गाईला मान वळवता येत नाही तिच्या अंगावर पिल्लं टिकतात.
- आखूड दाव्याने चोवीस तास बांधलेली जनावरं, त्याच कारणाने.
- वळू. त्याला सहसा कुणी हात लावत नाही आणि फवारणीतूनही तो सुटतो.
- गोचीड नसलेल्या भागातून आणलेली जनावरं. त्यांच्यावर गोचीड कमी असले तरी गोचीडताप मात्र भयंकर येतो, कारण शरीराला त्याची ओळखच नसते.

वासरांबाबत एक गैरसमज आहे. त्यांच्या अंगावर मोठे गोचीड कमी दिसतात म्हणून त्यांना यादीतून वगळलं जातं. संकरित वासरांत थायलेरिया या गोचिडांमधून पसरणाऱ्या रोगाने होणारी मर मोठी असते आणि त्यासाठी हायलोमाचे मोजके गोचीडही पुरतात.

टप्पा ३: गोठ्यातल्या जागा हुडका

रात्री दिवे घालवून बॅटरी घेऊन जा. गोठ्यातला खरा धोका दिवसा दिसत नाही. बघायच्या जागा: गिलावा नसलेल्या दगडी किंवा विटांच्या भिंतीचे सांधे, गव्हाण आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ, खुंट्याभोवतीची पोकळ माती, लाकडी खांबाच्या चिरा, छपराचा खालचा आधार, कोपऱ्यात वर्षभर न हललेलं सामान. फटीत बारीक तार किंवा पेचकस घालून खरवडा आणि खाली पांढरं कापड धरा. जिवंत गोचीड, त्यांनी टाकलेल्या पांढुरक्या काती किंवा चकचकीत तपकिरी दाण्यांचा पुंजका पडला तर ती जागा खडूने खूण करून ठेवा. तो पुंजका म्हणजे अंडी. एका मादीची दोन-तीन हजार सहज असतात आणि हायलोमाची याहून बरीच जास्त. अंडी घालून मादी मरते. त्यामुळे फटीत मेलेला गोचीड दिसला म्हणून काम झालं असं समजू नका, तिने मागे काय ठेवलंय ते बघा.

मातीची ओली जमीन, शेण आणि उरलेला चारा कोपऱ्यात साठणं, गोठ्याला लागून उकिरडा, हवा न खेळणं, ऊन आत न येणं या सगळ्याचा परिणाम एकच: अंडी सुकत नाहीत. ऊब आणि ओल एकत्र मिळाली की अंडी काही आठवड्यांत फुटतात. कोरड्या, तापलेल्या फरशीवर बरीचशी वाया जातात.

शेळ्या-मेंढ्या त्याच छपराखाली असतील तर तेही धोक्यात धरा, आणि उंदीर-घुशींची बिळंही. हायलोमाच्या काही जातींची पिल्लं छोट्या प्राण्यांवर वाढतात. कुत्र्यावर मात्र उगाच आळ घेतला जातो. त्याच्या अंगावरचा नेहमीचा तपकिरी गोचीड बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो आणि गाईला क्वचितच लागतो.

टप्पा ४: बाहेरून काय येतं ते बघा

चराईच्या जागी आणि बांधाच्या गवतावर पांढरं कापड सावकाश दहा-पंधरा पावलं ओढत न्या, मग उलटून बघा. तपकिरी हलणारे ठिपके म्हणजे पिल्लं. सहा पाय असतात त्यांना. गवताच्या टोकावर पुंजक्याने बसून ती जनावराची वाट बघतात. ऊन कोवळं असताना तपासा, भर दुपारी ती खाली उतरतात.

अशा बांधावरचं गवत कापून गव्हाणीत टाकलं तर पिल्लं घरपोच येतात. गाय कधीच चरायला सोडत नाही, तरी गोचीड होतात, या कोड्याचं हे एक नेहमीचं उत्तर आहे.

दूषित कुरण मोकळं ठेवायचं तर आठ-पंधरा दिवसांचा उपयोग नाही. उपाशी पिल्लं तीन-चार महिने तग धरतात, थंड आणि ओल्या हवेत त्याहून जास्त.

विकत आणलेलं जनावर हा सर्वांत मोठा आणि सर्वांत सोपा बंद करता येणारा दरवाजा. ते आल्या दिवशीच उपचार करा आणि किमान २१ दिवस पक्क्या फरशीच्या वेगळ्या जागी बांधा. तिथलं झाडलोट जाळा किंवा खोल पुरा. हे दिवस कमी करू नका. आज अंगावर चढलेलं, डोळ्यांना न दिसणारं पिल्लू भरलेली मादी म्हणून पडायला तेवढाच वेळ घेतं.

टप्पा ५: आधी गोठा

जनावरं बाहेर काढा. मग हाच क्रम ठेवा:

१. सामान हलवा. शेण, जुना चारा आणि फटींतली माती खरवडून काढा. हे उकिरड्यावर टाकू नका. जाळा, किंवा जनावरांपासून लांब खोल पुरा.

२. खूण केलेल्या फटींवर फ्लेम गन फिरवा, पण फक्त दगड, विटा, सिमेंट असलेल्या ठिकाणी. गवती छप्पर, लाकूड, कोरडा चारा किंवा विजेच्या तारा जवळ असतील तर ही पायरी सोडून द्या.

३. गोठ्यासाठी परवानगी असलेलं गोचीडनाशक लेबलवरच्या प्रमाणात फटींच्या आत जाईल असं मारा. गव्हाण आणि पाण्याची टाकी झाकलेली हवी. पूर्ण वाळेपर्यंत जनावरं आत घेऊ नका.

४. औषध वाळल्यावर, पुढच्या दोन-तीन दिवसांत फटी सिमेंटने बुजवा, गिलावा करा, निदान चुन्याचा जाड हात द्या.

बुजवायचं काम सर्वांत कंटाळवाणं आहे आणि सर्वांत टिकाऊही. औषधाचा असर काही दिवसांत संपतो, बुजवलेली फट तशीच राहते.

नेहमीची चूक: एकदाच फवारून थांबणं. ही औषधं अंड्यांवर भरवशाची नसतात. १० ते १४ दिवसांनी दुसरी फवारणी हवी, तोवर उरलेल्या अंड्यांमधून पिल्लं बाहेर पडू लागतात.

टप्पा ६: मग जनावरं, सगळी, एकाच दिवशी

गोठ्याच्या पहिल्या फवारणीचाच दिवस निवडा. दुभती, भाकड, कालवडी, वळू सगळे. वासरं, आजारी आणि दिवस भरत आलेल्या गाभण गाई यांच्यासाठी औषध आणि मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

*द्रावण.* बाटलीवरचा टक्का वाचा. १२.५ टक्के अमित्राझ असेल तर लिटरला २ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. १.२५ टक्के डेल्टामेथ्रिनचंही नेहमीचं प्रमाण लिटरला २ मिली आहे. टक्का वेगळा असेल तर हे आकडे लागू होत नाहीत, लेबलच खरं. झाकणाने किंवा अंदाजाने मोजू नका. पंप अर्धा भरा, औषध मगभर पाण्यात आधी कालवून ओता, मग पूर्ण भरा आणि हलवा. पाणी गढूळ नको. द्रावण त्याच दिवशी संपवा, रात्रभर ठेवलेलं अमित्राझ कमजोर होतं.

*किती लागेल.* मोठ्या गाईला ३ ते ५ लिटर. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. लिटरभरात दोन गाई उरकल्या जातात आणि वरचे केस तेवढे ओले होतात. पंपाची नळी मोजपात्रात धरून एक मिनिट चालवा. मिनिटाला ७०० मिली येत असेल तर ४ लिटर अंगावर जायला सहा मिनिटं लागतील. तेवढा वेळ घड्याळ लावून द्या. सहा गाईंना २४ लिटर, म्हणजे वरच्या प्रमाणाने ४८ मिली औषध.

*मारण्याची पद्धत.* आधी धार काढा. जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे तहानेने अंग चाटणार नाही. अंगावरचं शेण धुऊन वाळू द्या. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, वारा पाठीमागून. पाठीपासून सुरू करून खाली या, नळी केसांच्या उलट दिशेला धरा आणि पोटाखालून थेंब गळेपर्यंत भिजवा. मग बगल, कास, मांड्यांच्या मध्ये, शेपटी उचलून खाली. कानाच्या आत आणि तोंडाभोवती फवारू नका, द्रावणात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, डोळे वाचवून. वाळेपर्यंत सावलीत बांधा. पुढच्या धारेआधी कास आणि सड स्वच्छ धुवा. दूध किती वेळ वापरायचं नाही हे प्रत्येक औषधाच्या लेबलवर वेगळं असतं, ते पाळा.

*पाठीवर ओतायचं औषध.* १ टक्का फ्लुमेथ्रिनची मात्रा दर १० किलो वजनाला १ मिली. वजन डोळ्यांनी ठरवलं की मात्रा हमखास कमी पडते. टेप घ्या. छातीचा घेर × घेर × खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि भागिले १०,८४०. घेर १८० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ४४८ किलो, औषध ४५ मिली. वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक अखंड रेघ ओता, एका जागी थारोळं करू नका.

सावधान: आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला स्वतःहून देऊ नका, ते दुधात उतरतं. पिकांवरची कीटकनाशकं, डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल कातडीवर चोळू नका. अमित्राझ घोड्यावर वापरू नका. फवारणीनंतर गाय सुस्त झाली, लाळ गळू लागली, थरथरू लागली तर साबणाच्या भरपूर पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली समोर ठेवून पशुवैद्यकाला बोलवा. उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, डेल्टामेथ्रिनच्या गटातल्या औषधांनी मासे मरतात.

टप्पा ७: पुढची तारीख जात बघून ठरवा

बूफिलस असेल तर दोन उपचारांत २१ दिवसांपेक्षा कमी अंतर, १८ ते २० दिवस ठेवा, म्हणजे नव्याने चढलेलं पिल्लू मादी होऊन गळण्याआधीच मरतं. हायलोमाला हे अंतर जास्त पडतं. लेबल परवानगी देत असेल तर १४ दिवस, आणि मधल्या काळात एक दिवसाआड शेपटीखालचे आणि कासेवरचे मोठे गोचीड चिमट्याने काढून स्पिरिट किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. शेणात किंवा जमिनीवर टाकलेली भरलेली मादी अंडी घालतेच.

असे चार-पाच फेरे लागतात. जमिनीतली पिल्लं तीन-चार महिने जगतात आणि उपचार केलेल्या गाईवर चढूनच मरतात. दोन फेऱ्यांनंतर अंग स्वच्छ दिसलं म्हणून थांबलं की मागचं सगळं वाया जातं.

टप्पा ८: तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी तपासा

तिसऱ्या दिवशी मेलेले गोचीडही चिकटलेले असू शकतात. चिमट्याने काढून बघा: सुकलेला, पाय न हलवणारा असेल तर तो मेलेला. जिवंत मोठे असतील तर ते कुठे आहेत यावरून चूक ओळखता येते.

- फक्त कानात, बगलेत, शेपटीखाली: औषध बरोबर, हात तिथे पोचला नाही.
- पाठीवर, मानेवर, सगळीकडे: द्रावण पातळ, जुनं, किंवा फवारल्यावर लगेच पाऊस.
- एकाच गाईवर: ती सुटली, किंवा घाईत उरकली.
- तिसऱ्या दिवशी अंग साफ, दहाव्याला तळहाताला पुन्हा वाळू लागते: औषधाने काम केलंय, गोठा किंवा गवत अजून पिल्लं पुरवतंय. टप्पा ३ आणि ४ कडे परत जा, प्रमाण वाढवू नका.

हे सगळं तपासूनही तिसऱ्या दिवशी जिवंत माद्या मिळत असतील तरच औषधाला दाद न देण्याचा संशय घ्या. दहा-बारा भरलेल्या माद्या हवेसाठी भोकं पाडलेल्या डबीत घालून पशुवैद्यकाकडे चाचणीसाठी द्या. औषध बदलायचं तर गट बदला, बाटली नव्हे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन एकाच गटातले आहेत. एकाला सरावलेला गोचीड दुसऱ्यालाही बहुधा जुमानत नाही. अमित्राझचा गट वेगळा. दोन औषधं एकत्र कालवून मारणं हा बदल नव्हे, तो विषबाधेला निमंत्रण देणारा प्रकार आहे.

या काळात ताप आला तर

गोचीड मेले तरी त्यांनी आधी सोडलेला रोग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उमटू शकतो. ज्यांच्यावर जास्त गोचीड होते त्यांचा ताप रोज मोजा. १०४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली असेल तर थायलेरियाचा संशय, कॉफीसारखी लाल-काळी लघवी असेल तर बबेसियाचा. पापणीच्या आतला भाग पांढरा किंवा पिवळा पडणं आणि शेण घट्ट होणं ॲनाप्लाझमाकडे बोट दाखवतं. तिन्हींची औषधं वेगळी असल्यामुळे अंदाजाने इंजेक्शन देऊ नका. पशुवैद्यकाला उपचाराआधी कानाच्या रक्ताची काचपट्टी घ्यायला सांगा आणि वहीतलं पान दाखवा: त्या गाईवर कोणत्या जातीचे किती गोचीड होते, आणि कोणत्या तारखेला.